सासरचा छळ, हुंडा आणि कायदा : तक्रार ऐकणाऱ्यांसाठी एक अभ्यास

मंडळीतील एखादी मुलगी लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत एकटीच माहेरी परत आली, की तिच्याभोवती दोन प्रकारचे सल्लागार जमतात. पहिले म्हणतात, घरातली गोष्ट घरात राहू द्या. पाळकसाहेबांना बोलवा, प्रार्थना करा आणि मुलीला परत पोचवा. दुसरे म्हणतात, सरळ चारशे अठ्ठ्याण्णव लावा, सगळे घर आत जाईल. दोघांचेही मन चांगले असते असे आपण धरून चालू. परंतु तो कायदा म्हणतो काय, हे दोघांपैकी एकानेही बहुधा वाचलेले नसते. तो आकडासुद्धा आता जुना झाला आहे. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अंमलात आली. त्या दिवसापासून घडलेल्या गोष्टींना पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९८-अ च्या जागी नव्या संहितेची ८५ व ८६ ही कलमे लागतात. त्याआधी घडलेल्या गोष्टींना जुनेच कलम लागते.

हा अभ्यास प्रौढांच्या वर्गासाठी, महिला मंडळासाठी व तरुण संघासाठी लिहिला आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी आधी स्वतः वाचावा व मग वर्गात घ्यावा. प्रत्यक्ष प्रकरण हाती आले तर वकिलाला पर्याय नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो. पण वकिलाकडे जाण्यापूर्वी ती मुलगी कोणाजवळ तरी बोलते, आणि पुष्कळदा ती व्यक्ती मंडळीतीलच असते. त्या पहिल्या तासात काय बोलले गेले, यावर पुढचे बरेच अवलंबून राहते.

आमच्यात हुंडा नाही

असे आपल्यापैकी अनेकजण अभिमानाने सांगतात. हुंडा हा शब्द आपल्या घरांत मोठ्याने उच्चारला जात नाही, एवढे खरे. पण साखरपुड्याच्या बैठकीत "आम्हांला काही नको, तुम्ही मुलीला काय ते द्या" या वाक्याचा अर्थ दोन्ही बाजूंना नीट कळतो. पुढे फ्लॅटच्या हप्त्याला हातभार, जावयाला परदेशी जाण्याचे तिकीट, दिराच्या नोकरीसाठी भरावयाची रक्कम, अशी नावे बदलत जातात. कायदा नाव पाहत नाही. हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ हा सर्व धर्मांच्या लोकांना सारखाच लागू आहे. लग्नाच्या संबंधात एका पक्षाने दुसऱ्यास, लग्नापूर्वी, लग्नाच्या वेळी किंवा लग्नानंतर केव्हाही दिलेली वा देण्याचे कबूल केलेली कोणतीही मालमत्ता म्हणजे हुंडा, अशी त्याची व्याख्या आहे. लग्न ठरण्याच्या वेळी केलेली मागणीही त्यात येते. लग्न मोडले व झालेच नाही, तरी मागणीचा गुन्हा उरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली आंध्र प्रदेशातून आलेल्या एका प्रकरणात सांगितले.

"लग्नाच्या संबंधात" या शब्दांवर न्यायालयांत पुष्कळ वाद झाला आहे. त्याची एक हकीकत आपल्याच भागातील आहे. महाराष्ट्रातील एका शेतकरी घरातील सुनेला माहेराहून घरखर्चासाठी व शेतात घालण्याच्या खतासाठी पैसे आणण्यास सांगत. तिचा विषाने मृत्यू झाला. २००७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की घरखर्चासाठी किंवा खतासाठी मागितलेला पैसा हा हुंडा नव्हे, आणि हुंडाबळीच्या आरोपातून माणसे सुटली. हा निकाल पुढे कितीतरी खटल्यांत आरोपींच्या वकिलांनी वाचून दाखविला. मग २०१५ साली तीन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की हुंडा शब्दाचा इतका आकुंचित अर्थ बरोबर नाही. लग्नानंतरच्या पैशाच्या मागण्याही त्यात येतात. २०२२ साली मध्य प्रदेशातील एका प्रकरणात घर बांधण्यासाठी मागितलेला पैसाही हुंडाच ठरला. तेव्हा "आम्ही हुंडा मागितला नाही, अडचणीला मदत मागितली" हे उत्तर आता पूर्वीइतके चालत नाही.

कायदा कसा वाढत गेला

१९६१ च्या मूळ कायद्यात हुंडा देण्याघेण्याची शिक्षा फार तर सहा महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड होती, आणि पोलीस आपण होऊन त्यात हात घालीत नसत. पुढची वीस वर्षे कायदा पुस्तकात व हुंडा व्यवहारात, असे दोघे सुखाने नांदले. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी व ऐंशीच्या सुरुवातीला स्टोव्हचा भडका उडून तरुण सुनांचे मृत्यू झाल्याच्या बातम्या इतक्या वारंवार येऊ लागल्या की स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या. त्यानंतर संसदेने दंड संहितेत कलम ४९८-अ घातले. ते अंमलात आले २५ डिसेंबर १९८३ रोजी. नाताळच्या दिवशी आलेला हा कायदा आपल्या घरांत इतका कमी वाचला जावा, याचे आम्हांला नवल वाटते.

१९८४ व १९८६ साली हुंडा प्रतिबंधक कायदा कडक झाला. आता हुंडा देणे वा घेणे यासाठी कमीत कमी पाच वर्षे कैद व किमान पंधरा हजार रुपये, किंवा हुंड्याची किंमत त्याहून जास्त असेल तर तितका, दंड आहे. नुसत्या मागणीसाठी सहा महिने ते दोन वर्षे कैद आहे. देणाराही दोषी धरला जातो, म्हणून बापाची जीभ टाळ्याला चिकटते. पण ज्या व्यक्तीवर अन्याय झाला तिने दिलेल्या जबाबाच्या आधारे तिच्यावरच या कायद्याखाली खटला भरता येत नाही, अशी तरतूद त्यात आहे. हे भ्यालेल्या माणसांना जरूर सांगावे.

नोव्हेंबर १९८६ मध्ये हुंडाबळीचे वेगळे कलम आले. न्याय संहितेत ते ८० वे. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा भाजून, इजेने किंवा अनैसर्गिक परिस्थितीत मृत्यू झाला, आणि त्याच्या आधीच्या काळात हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचे सिद्ध झाले, तर नवऱ्याने किंवा त्या नातेवाइकाने तिचा मृत्यू घडविला असे न्यायालय धरून चालते. शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात सहा हजारांहून अधिक हुंडाबळी नोंदले गेले, आणि नवरा व सासरच्यांच्या छळाच्या सुमारे १ लाख ४० हजार तक्रारी झाल्या. घरातली गोष्ट घरात ठेवा म्हणणाऱ्यांनी पहिला आकडा पुन्हा एकदा वाचावा.

छळ कशाला म्हणतात

कलम ८६ मध्ये छळाचे दोन प्रकार सांगितले आहेत. बुद्ध्या केलेले असे वागणे, की ज्यामुळे स्त्री आत्महत्येस प्रवृत्त व्हावी किंवा तिच्या जिवाला, अवयवाला अथवा आरोग्याला गंभीर इजा वा धोका व्हावा. आरोग्य म्हणजे शरीराचे तसेच मनाचे. आणि दुसरा प्रकार म्हणजे तिच्याकडून किंवा तिच्या माणसांकडून पैशाची वा मालमत्तेची बेकायदेशीर मागणी पुरी करून घेण्यासाठी, किंवा ती पुरी झाली नाही म्हणून, तिला दिलेला त्रास. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे हुंड्याचा एक शब्दही नसला, तरी पहिल्या प्रकारचा छळ गुन्हा ठरतो. पुष्कळांना हे ठाऊक नसते. नवरा दारू पिऊन रोज मारतो, पण पैसे मागत नाही, म्हणून "ती केस होत नाही" असे सांगणारे आम्हांला भेटले आहेत. ते चूक आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. सासूने भाजीत मीठ कमी म्हणून बोलणे, नणंदेचे टोमणे, नवऱ्याचे आईच्या शब्दाबाहेर न जाणे, या गोष्टी दुःख देतात. पण प्रत्येक दुःख या कलमाखालचा गुन्हा नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० साली हे स्पष्ट केले आहे, आणि त्यानंतर अनेक न्यायालयांनी ते उचलून धरले. संसारातील कुरबूर व कलम ८६ चा छळ यांत अंतर आहे. ते अंतर आपण ऐकताना ध्यानात ठेवले, तर त्या मुलीचे भले होते, कारण न्यायालयात ते कोणीतरी तपासणारच असते.

गुन्हा सिद्ध न होणारे वागणे घटस्फोटाच्या दाव्यात मात्र क्रूरता ठरू शकते. हैदराबादेतील आंध्र प्रदेश उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात नवरा डॉक्टर होता, बायको उच्चशिक्षित होती. नवऱ्याने तिला पत्रात लिहिले होते की आपल्या आईवडिलांनी काही हजार रुपये मागितले तर त्यात वावगे काय, ही तर सर्वत्र चालणारी गोष्ट आहे. उच्च न्यायालयाला बायकोच अति हळवी वाटली. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या नोव्हेंबरात तो निकाल फिरविला आणि हुंड्याची मागणी हीच क्रूरता आहे असे सांगून तिला घटस्फोट दिला. सुशिक्षित माणसाने शांतपणे, शाईने, कागदावर लिहिलेले ते वाक्य आम्हांला मारहाणीइतकेच बोलके वाटते. ते दांपत्य हिंदू विवाह कायद्याखालचे होते.

ख्रिस्ती स्त्रीला १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याखाली केवळ छळाच्या कारणावरून फार तर न्यायालयाकडून विभक्त राहण्याचा हुकूम मिळे. घटस्फोटासाठी छळासोबत नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही अट घटनाबाह्य ठरविली, आणि ३ ऑक्टोबर २००१ पासून संसदेने केलेल्या दुरुस्तीने क्रूरता हे स्वतंत्र कारण झाले. एकशे बत्तीस वर्षे लागली. गोव्यातील वाचकांसाठी एक टीप: तेथे विवाह, घटस्फोट व पतिपत्नींची मालमत्ता यांस पोर्तुगीज काळापासून चालत आलेला दिवाणी कायदा लागतो, म्हणून ही वरची चर्चा तेथील नव्हे, फौजदारी कलमे मात्र तीच आहेत.

तक्रार कोणी द्यावी, कोठे द्यावी

छळाचा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. पण त्याला एक अट आहे, आणि ती मंडळीच्या पुढाऱ्यांनी पाठ करावी. पोलिसांकडे खबर त्या स्त्रीने स्वतः, किंवा रक्ताच्या, लग्नाच्या अथवा दत्तकाच्या नात्याने तिच्याशी जोडलेल्या माणसाने द्यावयाची असते. सरळ न्यायालयात फिर्याद करावयाची तर ती स्वतः, आईबाप, भाऊ, बहीण, काका, आत्या, मामा, मावशी यांपैकी कोणी करू शकते; इतर नातेवाइकांना न्यायालयाची परवानगी लागते. पाळक, वडील, शब्बाथशाळेचा शिक्षक, शेजारीण यांना या कलमाखाली स्वतः फिर्यादी होता येत नाही. ते सोबत जाऊ शकतात, साक्षीदार होऊ शकतात. हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली मात्र सरकारमान्य कल्याणकारी संस्थेलाही तक्रार करता येते.

आता कोठे, हा प्रश्न. आपल्या वाचकांना तो इतरांपेक्षा जास्त भेडसावतो. आपल्या मंडळ्या राज्यांच्या सीमांवर व सीमांपलीकडे पसरल्या आहेत, सोयरिकीही तशाच. बेळगावची मुलगी कोल्हापुरास दिलेली, बडोद्याची इंदुरास, ग्वाल्हेरची पुण्यास. छळ एका राज्यात होतो आणि मुलगी जीव वाचवून येते ती दुसऱ्या राज्यात. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने अशा मुलींची फार अडचण केली होती: जेथे छळ घडला तेथेच खटला चालेल, असे तो निकाल सांगे. ज्या गावातून पळून आली, तारखांसाठी त्याच गावात एकटीने जायचे! वेगवेगळ्या निकालांमुळे गोंधळ राहिला, आणि शेवटी ९ एप्रिल २०१९ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो मिटविला. घर सोडावे लागल्यावर स्त्री जेथे आश्रयास जाते, तेथेही तिच्या मनावरील छळाचे परिणाम चालूच राहतात. म्हणून तेथील न्यायालयातही तिला दाद मागता येते. बेळगावच्या मुलीने बेळगावातच तक्रार द्यावी. ठाणेदाराने "हद्द आमची नाही" म्हटले तरी नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कोठेही घडला असो, खबर नोंदवून घेऊन ती योग्य ठाण्याकडे पाठविणे त्याचे काम आहे.

भाषेचा मुद्दा याला जोडूनच येतो. मुलगी मराठीत सांगते, आणि कागदावर उतरते ते कानडीत, गुजरातीत, हिंदीत किंवा तेलुगूत. लिहिलेली खबर देणाऱ्यास वाचून दाखविली पाहिजे, तिची सही घेतली पाहिजे व प्रत विनामूल्य दिली पाहिजे, असा कायदाच आहे. म्हणून सोबत जाणाऱ्यांत दोन्ही भाषा वाचता येणारे एक माणूस असावे, आणि आपल्या शब्दांचा अर्थ कळल्याशिवाय तिने सही करू नये. आपल्या मंडळ्यांत अशी माणसे घरोघर आहेत. या एका गोष्टीत आपण इतर कोणापेक्षाही अधिक उपयोगी पडू शकतो.

उशीर फार करू नये. या गुन्ह्याची दखल घेण्यास तीन वर्षांची मुदत आहे. छळ चालू असेतोवर ती नव्याने सुरू होते, हे खरे. तरी घर सोडून पाच वर्षे झाल्यावर जाग आली तर प्रश्न उपस्थित होतो.

"सासरच्या सर्व मंडळींनी"

आता या अभ्यासाचा अवघड भाग. तक्रारींत एक ठराविक वाक्य पुन्हा पुन्हा दिसते: सासरच्या सर्व मंडळींनी शारीरिक व मानसिक छळ केला. त्याखाली नवरा, सासू, सासरे, दीर, जाऊ, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली नणंद, तिचा नवरा, कधी चुलत सासरेही. हे वाक्य बहुधा मुलीचे नसते. लिहून देणाऱ्याचे असते. जितकी नावे जास्त तितका दबाव जास्त, असा हिशेब त्यामागे असतो.

२०१० साली सर्वोच्च न्यायालयापुढे झारखंडातील एक तक्रार आली. तीत ज्यांची नावे होती, त्यांतील विवाहित नणंद गुजरातेत आपल्या नवऱ्याकडे राहत होती व दीर महाराष्ट्रात गोरेगावी. ज्या ठिकाणी छळ झाला म्हणून सांगितले होते, तेथे ते गेलेच नव्हते. न्यायालयाने त्यांच्यावरील खटला रद्द केला आणि अतिशयोक्तीच्या तक्रारींविषयी कडक शब्द वापरले. त्याआधी २००५ साली हे कलम घटनेला धरून आहे असे सांगतानाच, त्याचा गैरवापर म्हणजे एक प्रकारची कायदेशीर दहशत होईल, असा इशाराही त्याच न्यायालयाने दिला होता. १० डिसेंबर २०२४ रोजी तेलंगणातील एका प्रकरणात पुन्हा तेच घडले: कोणी, केव्हा, काय केले हे न सांगता सगळ्या कुटुंबाला गोवलेली तक्रार रद्द झाली. त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटले आहे की छळ सोसणाऱ्या स्त्रीने गप्प बसावे असा याचा अर्थ नव्हे. हे दुसरे वाक्य सांगताना लोक विसरतात.

यात खरे नुकसान कोणाचे होते? ज्या वृद्ध आत्यासासूला उगाच ठाण्यात बसावे लागले तिचे तर होतेच. पण त्या मुलीचेही होते. नवऱ्याने चौदा तारखेला पट्ट्याने मारले हे तिचे खरे वाक्य, नऊ जणांवरच्या मोघम आरोपांत बुडून जाते. आणि नऊपैकी सात सुटले, की उरलेल्या दोघांविषयीही न्यायाधीशाच्या मनात शंका येते. खोट्या साक्षीविषयी अनुवाद १९:१६-१९ येथे जे सांगितले आहे ते वर्गात जरूर वाचावे, पण त्याच अध्यायाच्या चौकशीच्या रीतीकडेही लक्ष द्यावे. तेथे आरोप ऐकला जातो, बारकाईने शोध होतो, आणि मगच निर्णय. आरोप करणारीलाच आधी गप्प करावे, असे तेथे कोठेही नाही.

आकड्यांचाही असाच दुरुपयोग होतो. २०१२ साली या कलमाखाली १,९७,७६२ माणसांना अटक झाली. त्यांत ४७,९५१ स्त्रिया होत्या. दोषारोपपत्रे ९३.६ टक्के प्रकरणांत दाखल झाली, शिक्षा मात्र १५ टक्के प्रकरणांत. यावरून काहीजण झटकन म्हणतात, म्हणजे पंच्याऐंशी टक्के खोट्या! हे गणित चुकीचे आहे. हा गुन्हा आपसांत मिटविता येणारा नाही. दोन्ही घरांची तडजोड झाली, दागिने परत मिळाले, घटस्फोट ठरला, की एक तर उच्च न्यायालयात जाऊन खटला रद्द करून घ्यावा लागतो (२००३ पासून ती वाट मोकळी आहे), नाही तर ती मुलगी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून "मला काही आठवत नाही" म्हणते. निर्दोष सुटकेत त्याची भर पडते. बंद दारामागे साक्षीदार नसतो, म्हणूनही पुष्कळ सुटतात. सिद्ध न झालेली तक्रार आणि खोटी तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाणूनबुजून खोटी केल्याचे सिद्ध झाले, तर कायद्यात त्यालाही शिक्षा आहे, आणि २०१३ च्या एका निकालाप्रमाणे अशी खोटी फिर्याद ही नवऱ्याच्या बाजूने घटस्फोटाचे कारण होऊ शकते.

वरचे आकडे सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१४ च्या निकालात दिले आहेत. मागणी आठ लाख रुपये, मोटार, एअर कंडिशनर व टीव्ही अशी असल्याचा आरोप होता. त्या निकालाने एक मोठा बदल केला. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी यांत्रिकपणे अटक करू नये. अटक का जरूर आहे हे लेखी नोंदवावे, नाही तर हजर राहण्याची नोटीस द्यावी. न्यायदंडाधिकाऱ्यानेही ती कारणे तपासावी. तेव्हा "सगळे घर आत जाईल" हा सल्ला बारा-तेरा वर्षांपूर्वीच शिळा झाला. तक्रारींची छाननी करणाऱ्या कुटुंब कल्याण समित्यांचे मात्र अजून स्थिर दिसत नाही: २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या आणल्या, २०१८ साली काढल्या, आणि २०२५ च्या जुलैत अलाहाबाद उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या तशाच योजनेला मान्यता दिली.

तुरुंग नको असेल तर

पुष्कळ मुली म्हणतात, मला त्याला तुरुंगात घालायचे नाही. मला मार थांबायला हवा आणि राहायला जागा हवी. त्यांच्यासाठी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. यात न्यायदंडाधिकारी मारहाण करू नये असा संरक्षणाचा हुकूम देतात, राहत्या घरातून तिला काढू नये असा हुकूम देतात, खर्च, मुलांचा ताबा व भरपाई यांविषयीही देतात. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून तिचा राहण्याचा हक्क आपोआप बुडत नाही, हे २०२० च्या निकालाने पक्के झाले. संरक्षणाचा हुकूम मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद आहे. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, तशी तयारी ठेवावी. जिल्ह्याचा संरक्षण अधिकारी अर्ज भरण्यास मदत करतो. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी आहे. महिला मदतीसाठी १८१, आणि जिवावरचा प्रसंग असेल तर ११२.

वडीलमंडळींनी व शिक्षकांनी

समेट घडविणे वाईट नाही. पण समेटाच्या बैठकीत मुलीला नवऱ्यासमोर व सासूसमोर बसवून "आता सांग बरे" म्हणणे ही चौकशी नव्हे. तिचे आधी वेगळे ऐकावे, महिला मंडळातील एखाद्या पोक्त भगिनीला सोबत घेऊन. मग मुलाकडचेही तितक्याच शांतपणे ऐकावे. एकाच बाजूवरून मत बनविणाऱ्यासाठी नीतिसूत्रे १८:१७ पुरेसे आहे. अंगावर इजा असेल तर आधी दवाखाना. डॉक्टरचा तारखेचा कागद हा पुढे शंभर साक्षींच्या तोडीचा ठरतो. जे ऐकले ते त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवावे. उद्या आपल्याला साक्षीस बोलावले, तर तीन वर्षांपूर्वीचे तोंडपाठ राहत नाही. आणि मारहाण चालू असताना "आणखी एक संधी द्या" म्हणून तिला त्याच घरात परत पाठविण्याचा ठराव कोणत्याही कमिटीने करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लहान मुलांच्या वर्गात हे कानावर येते ते निराळ्या रीतीने. एखादे मूल प्रार्थनेच्या वेळी घरातले काहीतरी बोलून जाते. ते शिक्षकाने ऐकावे, मुलाला खोदून विचारू नये, आणि चर्चनंतरच्या चहाबरोबर ते दहा घरी फिरू देऊ नये. मुलाच्या आईजवळ एकांतात विचारावे, एवढेच.

तरुण संघाच्या वर्गात एक काम प्रत्यक्ष करून घेता येईल. १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नात वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने व वराला मिळालेल्यांची वराने लेखी ठेवावयाची असते. न मागता, रीतीप्रमाणे व ऐपतीच्या आत दिलेल्या भेटी अशा यादीत असल्या, तर त्या हुंड्याच्या गुन्ह्यात येत नाहीत. स्त्रीधन हे पत्नीचेच, आणि सासरी ठेवायला दिले तरी ते परत न देणे हा विश्वासघाताचा गुन्हा होतो, असे १९८५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. पण काय दिले होते हे सिद्ध करताना बहुतेकांजवळ फोटोंच्या अल्बमशिवाय काही नसते. मंडळीच्या रजिस्टरवर सह्या होतात त्याच दिवशी ही यादीही पुरी करता येते. वर्गात प्रत्येकाने एक कोरा कागद घेऊन रकाने आखावेत: वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, आणि तो नातेवाईक असल्यास नाते. खाली वधू आणि वर, दोघांच्या सह्या.